पावसाळ्यात परत येणारं हमिंग: स्पूलच्या टेपरेकॉर्डरमधून काढलेला माइक प्रीअँप

"काका, परत सुरू झालं." ऐरोलीहून पुतण्याचा हा फोन मला गेल्या वर्षी जून ते सप्टेंबरमध्ये चार वेळा आला. तो पेटी शिकवतो आणि घरातल्याच एका खोलीत विद्यार्थ्यांचं रेकॉर्डिंग करतो. त्याला मी एका जुन्या युरोपियन बनावटीच्या स्पूल रेकॉर्डरमधलं व्हॉल्व्हचं सर्किट काढून माइक प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारा डबा) करून दिला होता. आवाज छान होता. पेटीचा खर्ज त्यातून जसा येतो तसा त्याच्या इंटरफेसमधून (माइक कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) येत नाही, हे तोच म्हणतो. पण मागे सतत एक "घूंऽऽ". मी दुरुस्त करायचो, डबा गप्प व्हायचा, दोन-तीन आठवडे मजेत जायचे आणि पुन्हा फोन.

हे लिहितोय ते अशाच चक्रात अडकलेल्यांसाठी. अमेरिकेत अँपेक्स कंपनीच्या ३५१ आणि ६०१ या टेपरेकॉर्डरची इलेक्ट्रॉनिक्स काढून प्रीअँप करणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडे चोर बाजारात किंवा भंगारात मिळतात ती बहुधा घरगुती वापराची यंत्रं. त्यांत ट्यूब (म्हणजे व्हॉल्व्ह) असतात त्या अशा: एक ईएफ८६, एक ईसीसी८३, शेवटी ईएल८४ किंवा तिची बहीण, आणि हिरवा डोळा मिचकावणारी लेव्हलची ट्यूब. टेप फिरवणारा भाग गंजलेला, बेल्ट वितळून डांबर झालेले, पण सर्किट जिवंत. मोटर आणि हेड काढून टाकायची, माइक ट्रान्सफॉर्मर बसवायचा, शेवटचा टप्पा वगळायचा, झाला प्रीअँप. निदान कागदावर तरी.

चार फोन आणि तीन चुकीच्या दुरुस्त्या

पहिल्या वेळी मी तेच केलं जे सगळे करतात. हमिंग म्हणजे फिल्टरचा (सप्लायची लहर गुळगुळीत करणारा) कंडेन्सर गेला. साठ वर्षांपूर्वीचा ५० अधिक ५० मायक्रोफॅरडचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा होता. तो सर्किटमधून सोडवला, नवे घातले. शांतता. पुतण्या खूश, त्याच्या आईने डब्यात पुरणपोळ्या दिल्या. तीन आठवड्यांनी फोन.

दुसऱ्या वेळी ईएफ८६ वर संशय. ही पेंटोड (पाच इलेक्ट्रोडची ट्यूब) मुळात स्वतःची खरखर कमी असावी म्हणूनच बनवलेली. तिचा हीटर, म्हणजे तापवणारी तार, दुहेरी पिळाचा असतो, म्हणजे एका तारेचं चुंबकीय क्षेत्र दुसरी खोडून काढते. पण जुनी झाली की हीटर आणि कॅथोड (तापल्यावर इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) यांच्यामधला विलग थर गळायला लागतो. नवी ट्यूब घातली, सोबत कॅथोडचा छोटा कंडेन्सरही बदलला. पुन्हा शांतता. या खेपेस महिनाभर टिकली, कारण मधे पाऊस उघडला होता. हे मला तेव्हा सुचलं नाही.

तिसऱ्या वेळी माइककडून आत येणारी शील्डेड वायर बदलली. पंधरा दिवस.

तिन्ही वेळा मी खरंच काहीतरी जुनं, बदलण्यालायक बदललं होतं, त्यामुळे प्रत्येक वेळी वाटलं की रोग सापडला. चौथ्या फोननंतर मी हत्यारं बाजूला ठेवून वही काढली आणि तिन्ही दुरुस्त्यांत काय काय हात लावला ते लिहून काढलं. फिल्टरचं निगेटिव्ह, कॅथोडचा कंडेन्सर, माइकच्या वायरीची जाळी. तिन्ही एकाच टॅगवर झाळलेले होते. चासीला, म्हणजे यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला, रिव्हेट मारून बसवलेला एक पितळी टॅग, तारा झाळायची पट्टी. म्हणजे तिन्ही वेळा मी त्या टॅगला सोल्डरिंगची गरम इस्त्री लावली होती. बाकी सगळं निमित्त.

तिथे येण्याआधी मी नीट तपासणी करायला हवी होती, ती केली नाही. ती कशी करायची ते आधी सांगतो, म्हणजे तुमच्या पुरणपोळ्या हक्काच्या ठरतील.

हात घालण्याआधी

आत ३०० व्होल्ट डीसी आहे. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तो राहतो. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर दोन चांगल्या इन्सुलेटेड चिमट्यांवर लावून ठेवा, प्लग काढला की तो फिल्टरवर पाच-सहा सेकंद धरा, मग मीटरने मोजा, मगच बोट घाला. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडणारे जुने कारागीर मी पाहिलेत. त्यात कंडेन्सरचंही नुकसान होतं आणि धरणाऱ्याच्या काळजाचंही. चालू सर्किटवर मोजायचं तर एक हात खिशात. बराच काळ बंद असलेलं यंत्र पहिल्यांदा लावताना फेजमध्ये ६० वॉटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये ठेवा. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, झगझगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे.

अजून एक. बऱ्याच जुन्या यंत्रांत मेन्सच्या एका तारेपासून चासीपर्यंत एक छोटा कंडेन्सर असतो, रेडिओची खरखर थांबवायला. तो म्हातारा झाला की गळतो आणि अख्ख्या चासीवर ५० हर्ट्झ चढवतो. यंत्राला तीन पिनचा प्लग लावताना तो काढून टाका. हवाच असेल तर या कामासाठी प्रमाणित केलेला वाय२ दर्जाचाच घाला, दुकानदार "चालतो हो" म्हणाला म्हणून दुसरा घेऊ नका.

कुठलं हमिंग ते आधी ठरवा

लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर ठेवा, प्रीअँपचं दहा सेकंद रेकॉर्डिंग करा आणि कुठल्याही फुकट सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम बघा, म्हणजे किती हर्ट्झचा आवाज किती मोठा आहे त्याचा आलेख. कानाला सगळं "घूं" वाटतं, पण ५० आणि १०० हर्ट्झ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

५० चा खांब सगळ्यात उंच असेल तर ते बहुधा चुंबकीय क्षेत्र, हीटरची वायरिंग किंवा बाहेरून येणारं अर्थिंगचं वेटोळं (दोन यंत्रं एकाहून जास्त वाटांनी अर्थला जोडली की होतं ते). १०० आणि त्याच्या पटीतले खांब, म्हणजे २००, ३००, आणि आवाजाला "भुर्रर्र" अशी धार असेल तर ते रेक्टिफायरनंतरच्या (एसीचा डीसी करणाऱ्या भागानंतरच्या) सप्लायमधलं काहीतरी, कारण दोन्ही बाजू वापरणारा रेक्टिफायर ५० चे १०० करतो. एकाच डायोडचा अर्धा रेक्टिफायर असेल तर सप्लायची लहरसुद्धा ५० लाच दिसेल, तेव्हा आधी सर्किट बघा.

पुतण्याच्या डब्यात १०० चा खांब होता. म्हणून तर मी कंडेन्सरच्या मागे लागलो. निदान अर्धं बरोबर होतं.

दुसरी परीक्षा मला सगळ्यात आवडते, कारण तिला काहीच लागत नाही. रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. ट्यूब गरम असतात, कंडेन्सर भरलेले असतात, त्यामुळे प्रीअँप दोन-तीन सेकंद तसाच वाजत राहतो. त्या दोन-तीन सेकंदांत हमिंग ताबडतोब गेलं तर ते डब्याच्या आतलं. तसंच राहिलं आणि आवाजाबरोबर हळूहळू विरलं तर ते बाहेरून येतंय: माइकची केबल, इंटरफेसशी झालेलं अर्थिंगचं वेटोळं, शेजारचा अ‍ॅडॉप्टर. या एका परीक्षेने निम्मं काम होतं.

आतलं असेल तर मागून पुढे या. व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर हमिंग तेवढंच राहिलं तर ते व्हॉल्यूमच्या पॉटच्या नंतर आहे. कमी झालं तर आधी. मग ईएफ८६ उपटा (हीटर पॅरलल असतील तरच, सिरीजमध्ये असतील तर सगळीच माळ विझेल). गेलं तर दोष त्या ट्यूबमध्ये किंवा तिच्या अलीकडे. ट्यूब परत घालून तिची ग्रिड, म्हणजे सिग्नल जिथून आत शिरतो ती पिन ९, तिच्याच कॅथोडच्या ग्राउंडला एका छोट्या वायरीने जोडा. हे काम यंत्र बंद करून, कंडेन्सर रिकामे करून करायचं. यावर हमिंग थांबलं तर ट्रान्सफॉर्मर किंवा माइकची बाजू. नाही थांबलं तर ट्यूबचा सॉकेट, हीटर किंवा ग्राउंड.

सॉकेटवरून आठवलं. ईएफ८६ च्या पिन २ आणि ७ आतल्या जाळीच्या आहेत. त्या ग्राउंडला नसतील तर ट्यूब अँटेना होते. कुणीतरी आधी सॉकेट बदललेला असेल तर हे पहिलं बघा. मी एकदा दोन दिवस घालवलेत यावर आणि शेवटी कळलं की पिन २ ला जोडलेली वायर दुसऱ्या टोकाला हवेत होती.

हीटरवर संशय असेल तर लहान मुलांच्या बसायच्या गाडीत येते ती ६ व्होल्टची साडेचार अँपिअर-तासाची बॅटरी आणा. ईएफ८६ ला ०.२ आणि ईसीसी८३ ला ०.३ अँपिअर लागतात, म्हणजे अर्ध्या अँपिअरचं काम. ट्रान्सफॉर्मरचं हीटर वाइंडिंग सोडवा आणि बॅटरी लावा. ईसीसी८३ ला ६ व्होल्टवर पिन ४ आणि ५ एकत्र जोडून त्यांच्या आणि ९ च्या मधे द्यायचे. ५० हर्ट्झ गेला तर हीटरची वायर जोडीने पिळून चासीला चिकटवून न्या आणि हीटरच्या दोन्ही टोकांपासून १००-१०० ओहमचे रेझिस्टर ग्राउंडला द्या. त्यांच्याऐवजी १०० ओहमचा वायरवाउंड पॉट मधोमध लावलात तर तो फिरवून सगळ्यात शांत जागा सापडते. त्यानंतरही उरलं तर त्या मध्यबिंदूला ग्राउंडऐवजी एचटीवरून (आतल्या त्या ३०० व्होल्टवरून) विभागून ४०-५० व्होल्ट डीसी द्या, म्हणजे हीटरमधून कॅथोडकडे होणारी गळती थांबते.

आता तो रिव्हेट

बटण बंद केल्याबरोबर हमिंग गेलं, १०० चा खांब, ग्रिड चासीला शॉर्ट केली तरी फारसा फरक नाही. म्हणजे सप्लाय किंवा ग्राउंड. सप्लायची लहर स्कोपवर मोजली तर अगदी थोडी. नवेच कंडेन्सर होते, लहर असणार कशी?

मग यंत्र बंद करून, सगळं सोडवून, टॅग आणि चासी यांच्यामधून बेंच सप्लायने १ अँपिअर सोडला आणि दोघांमधला व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये मोजला. साध्या मल्टिमीटरच्या ओहमच्या रेंजवर हे कळत नाही, तिथे प्रोबचाच रेझिस्टन्स जास्त असतो. १ अँपिअरला १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिओहम, असा सोपा हिशेब. चांगल्या जोडाला २-३ मिलिव्होल्ट यायला हवेत. इथे आले १८०. टॅग अंगठ्याने दाबला की ३०, सोडला की परत १५०-१६०. इस्त्री लावून टॅग गरम केला की ८-१०. तेव्हा मात्र मी खुर्चीत मागे टेकलो.

जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी चासी, त्यावर कथील लावलेला पितळी टॅग आणि मधे रिव्हेट. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले, त्यात ऐरोलीची खाडीकाठची हवा, पावसाळ्यात भिंतींना ओल. जोडाच्या फटीत ऑक्साइड धरतो. इस्त्रीच्या उष्णतेने टॅग फुगतो, आकसतो, हलतो, ऑक्साइड खरवडला जातो, संपर्क परत येतो. काही आठवडे शांतता. मग दमट हवा पुन्हा आपलं काम करते. कोरड्या डिसेंबरात हा डबा एकदाही बोलला नव्हता.

०.१८ ओहम ऐकायला काहीच नाही. पण हिशेब करा. या प्रीअँपचा एचटीचा सरासरी करंट जेमतेम ५-६ मिलिअँपिअर, तरी रेक्टिफायर कंडेन्सरला तो सारखा पुरवत नाही, तर सेकंदाला १०० वेळा छोट्या, उंच धक्क्यांनी भरतो. धक्क्याचं टोक सहज ४०-५० मिलिअँपिअरला जातं. ५० मिलिअँपिअर गुणिले ०.१८ ओहम म्हणजे ९ मिलिव्होल्ट. पेटीसमोर ठेवलेल्या डायनॅमिक माइकचा १ मिलिव्होल्ट १:१० च्या ट्रान्सफॉर्मरमधून गेल्यावर ग्रिडवर १० मिलिव्होल्ट होतो. म्हणजे रिव्हेटवर पडणारा व्होल्टेज आणि पेटीचा सूर जवळजवळ सारखेच. आणि माझ्या वायरिंगमध्ये ईएफ८६ चं कॅथोड टॅगच्या बाजूला, तर ग्रिडचा परतीचा रस्ता चासीच्या बाजूला होता. बरोबर मधे तो रिव्हेट. याहून वाईट जागा ठरवून शोधली असती तरी सापडली नसती.

मूळ यंत्र बनवणाऱ्यांची ही चूक नव्हती. तो रिव्हेट तेव्हा नवा, घट्ट होता, आणि त्यांची वायरिंग जिथे जायची तिथे जात होती. मी माइक ट्रान्सफॉर्मर बसवताना त्याच्या सेकंडरीचं (ट्यूबकडच्या वाइंडिंगचं) खालचं टोक सोयीसाठी जवळच्या स्क्रूला दिलं. घोटाळा तिथे झाला.

उपाय

रिव्हेट खरवडून, नवा स्क्रू मारून भागवू नका. पुढच्या पावसाळ्यापर्यंतच बरा राहतो.

चासीला ग्राउंडची तार समजणंच सोडून द्या. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची जाड तार घ्या, घरच्या वायरिंगची सोलून चालते, आणि ती ट्यूबच्या ओळीने, चासीला न टेकता, आडवी बांधा. मुख्य नियमापासून सुरुवात करा: पहिल्या फिल्टर कंडेन्सरचं निगेटिव्ह आणि ट्रान्सफॉर्मरचं एचटी सेंटर टॅप (ब्रिज असेल तर ब्रिजचं निगेटिव्ह) हे दोघं आपापसात थेट जोडा, म्हणजे ते धक्के त्या दोघांतच फिरतील. तिथून एक तार दुसऱ्या फिल्टरला, तिथून ईसीसी८३ ला, शेवटी ईएफ८६ ला. ईएफ८६ चा कॅथोड, स्क्रीनचा कंडेन्सर आणि ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी, तिन्ही तिथे एकाच ठिकाणी. मग माइकच्या सॉकेटजवळ, फक्त तिथेच, या तारेपासून चासीला एक जोड. हा जोड रंग आणि मुलामा खरवडून, दातेरी वॉशर घालून, स्क्रूने घट्ट करा आणि वर थोडं व्हॅसलिन चोपडा. मेन्सची अर्थ मात्र स्वतंत्र स्क्रूवर, प्लगच्या वायरीजवळ. तो स्क्रू दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही.

माइकच्या तीन पिनच्या एक्सएलआर सॉकेटची पिन १ थेट चासीला, सॉकेटलाच, अर्ध्या इंचाच्या तारेने. आतल्या ग्राउंडच्या तारेवर ती नेऊन झाळली की केबलच्या जाळीवर जमलेला सगळा कचरा थेट सर्किटमध्ये येतो. हा दोष इतका सार्वत्रिक आहे की नील मन्सी यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात १९९५ मध्ये त्यावर लिहिल्यापासून त्याला "पिन १ चा घोटाळा" असंच नाव पडलंय.

हे सगळं करायला मला एक रविवार लागला. रिव्हेट तसाच आहे, त्यावर आता काहीही झाळलेलं नाही.

हमिंग नसलेलं हमिंग

काहींची तक्रार अशी येते की डबा नवा कोरा केलाय, ग्राउंड नीट आहे, तरी आवाज जाड आणि खाली घूं. त्यांनी माइक हेडच्या जागी, प्लेबॅकच्या मार्गात घातलेला असतो. टेपवरून वाचताना हेड उंच सुरांना जास्त व्होल्टेज देतं, म्हणून प्लेबॅकचं सर्किट खालचे सूर मुद्दाम उचलतं. एनएबी या अमेरिकन प्रसारकांच्या संघटनेने ठरवलेल्या, सेकंदाला १५ इंच वेगाच्या वक्रात ३,१८० आणि ५० मायक्रोसेकंद हे दोन आकडे असतात. त्यांचा हिशेब केला तर १,००० हर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झ सुमारे २२ डेसिबलने वर येतो. तुमच्या घरातलं अगदी सज्जन, माफक हमिंगही तिथे बारा-तेरा पट होतं. ईसीसी८३ च्या फीडबॅकमधले ते कंडेन्सर आणि रेझिस्टर काढून तिथे साधा एक रेझिस्टर द्यायला हवा. रेकॉर्डच्या मार्गात उलट वरचे सूर उचललेले असतात, सेकंदाला ९.५ सेंटिमीटरच्या वेगाला तर फारच. ते काढलं नाही तर तबल्याची चाट कानात टोचते.

रेकॉर्ड-प्ले बदलणारा तो लांबलचक स्लायडर सर्किटमध्ये ठेवू नका. त्याला "रेकॉर्ड"वर टेप लावून चिकटवणारे आहेत. त्यात वीस-पंचवीस चांदीचे कॉन्टॅक्ट असतात आणि पावसाळ्यात काळे पडतात. कधी करकर, कधी एक बाजू गायब, कधी हमिंग. काढा आणि जोडण्या थेट झाळा. वेळ लागतो, सर्किटचा कागद समोर ठेवून, एक-एक वायर खोडत जावं लागतं.

ईएल८४ काढली की एचटी वर जातो, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. एकटी ती ४० मिलिअँपिअरच्या पुढे ओढत असते. ती गेल्यावर ओढणारं कुणी उरत नाही आणि २५० व्होल्ट एसीचं वाइंडिंग कंडेन्सरला जवळजवळ ३५० वर नेऊन ठेवतं. जुने कंडेन्सर ३५० व्होल्टचेच असतात. त्यात मूळ सेलेनियमचा चपटा रेक्टिफायर काढून १एन४००७ हे डायोड घातले की तो जे काही व्होल्ट खात होता तेही सुटतात. हीटरही चढतो, कारण ईएल८४ चा पाऊण अँपिअर गेला आणि यंत्राचा टॅप २२० चा. माझ्या ठाण्यातल्या चरईच्या घरी रात्री अकरानंतर मीटर २४२ दाखवतो. ६.३ चे सहज ७ होतात. एचटीत एक वॉटदार रेझिस्टर, हीटरच्या वायरीत एक-दीड ओहमच्या आसपासचा, आणि ४५० व्होल्टचे कंडेन्सर. मोजून घाला, माझे आकडे उचलू नका.

अमेरिकन यंत्र असेल तर ११७ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून काम संपत नाही. ते ६० हर्ट्झसाठी बनलंय. ५० वर त्याच्या गाभ्यात २० टक्के जास्त चुंबकत्व शिरतं, तो तापतो आणि बाहेर जास्त क्षेत्र सांडतो. तुमचा माइक ट्रान्सफॉर्मर ते आनंदाने उचलतो. अशा वेळी पॉवर ट्रान्सफॉर्मर वेगळ्या डब्यात, मीटरभर वायरीच्या टोकाला. माइक ट्रान्सफॉर्मर कायमचा बसवण्याआधी वायरीवर लोंबता ठेवून सगळ्या दिशांनी फिरवा. एका कोनात तो गप्प होतो, तिथे खूण करा. म्यूमेटलचं (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या धातूचं) आवरण असलेला असेल तर पाडू नका, एकदा आपटला की आवरणाचा गुण कमी होतो.

भिंतीमधलं अर्थिंग

ठाण्यातल्या जुन्या इमारतींत, नौपाड्यात काय आणि कोपरीत काय, तीन पिनच्या सॉकेटची वरची पिन कुठेही जात नसल्याचे नमुने मी बरेच पाहिलेत. प्रीअँपच्या डब्याला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येत असतील तर आधी तेच बघा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला एसी व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. ४०-५० दिसले तर अर्थ हवेत आहे. शून्य, अगदी ०.० दिसला आणि लोड टाकूनही हलला नाही तर जास्त घाबरा, कारण कुणा वायरमनने बोर्डातच न्यूट्रलवरून अर्थला एक तुकडा मारलेला असू शकतो. त्या सॉकेटकडे येणारी न्यूट्रल मागे कुठे तुटली तर तुमच्या माइकच्या जाळीवर फेज येईल, आणि गाणाऱ्याचे ओठ माइकजवळ असतात. परवानाधारक वायरमन बोलवा. हमिंग घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन कापणाऱ्यांशी मी या विषयावर बोलतच नाही.

वेटोळं तोडायचं असेल तर प्रीअँप आणि इंटरफेस एकाच एक्स्टेन्शनच्या पट्टीवर लावा आणि प्रीअँपच्या आउटपुटला ट्रान्सफॉर्मर घाला. तसाही तो लागतोच, ईसीसी८३ च्या अ‍ॅनोडवरून थेट काढलेला सिग्नल पाच मीटर केबल ओढू शकत नाही.

फँटमबद्दल, म्हणजे केबलमधूनच माइकला द्यायच्या सप्लायबद्दल, विचारणारे असतातच. ४८ व्होल्ट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन टोकांवर ६.८ किलोओहमच्या दोन रेझिस्टरांतून द्या, पण दोघे मीटरवर निवडून एकसारखे घ्या. फरक असेल तर वाइंडिंगमधून डीसी वाहतो आणि खर्ज पातळ होतो. मी स्वतः पुतण्याच्या डब्यात फँटम दिलेला नाही. त्याच्याकडे रिबन माइकही (आत धातूची पातळ पट्टी असलेला) आहे आणि एखादी केबल चुकीची जोडली तर ती रिबन जायची.

बाकी, माझ्या घरामागून लोकल जातात म्हणून मी मधे एक सबंध संध्याकाळ रेल्वेवर संशय घेतला होता. मध्य रेल्वेच्या मुख्य उपनगरी मार्गावर २०१५ पर्यंत १,५०० व्होल्ट डीसी जाऊन २५,००० व्होल्ट एसी आला आहे, म्हणजे ५० हर्ट्झच. वहीत गाड्यांच्या वेळा आणि समोर हमिंगचे डेसिबल लिहीत बसलो. संध्याकाळच्या गर्दीच्या वेळच्या एकोणतीस गाड्या. खांब तसूभर हलला नाही. बायकोने विचारलं, कुठली गाडी पकडायची आहे?

या वर्षी जुलैत सलग नऊ दिवस पाऊस पडला तेव्हा मीच ऐरोलीला फोन केला. डबा गप्प आहे. १०० चा खांब स्पेक्ट्रममध्ये शोधावा लागतो, ५० चा थोडा दिसतो, तो माइक ट्रान्सफॉर्मर आणखी दोन इंच सरकवला तर जाईल. पुतण्या म्हणतो राहू दे, पेटीच्या भात्याचा आवाज त्याहून मोठा आहे. झाकणाला चार स्क्रू आहेत, त्याने सध्या दोनच लावलेत.